शनिवार-रविवार, लंडन

हिस्लॉप कॉलेजातला दोस्त. तो मूलचा, मी पोंभुर्ण्याचा. नागपुरात आम्ही दोघंही ‘चांद्याकडचे’, म्हणजे चंद्रपूरकडचे, म्हणून एका खोलीत पडलो. आता तो लंडनच्या वायव्येला हॅरोत राहतो. मी कामानिमित्त युरोपात होतो, तेव्हा शनिवार-रविवार त्याच्याकडे काढले. बघण्याच्या जागांची यादी त्याने आधीच पाठवली होती. निम्म्या जागा त्यानेही पाहिल्या नव्हत्या. “अबे, तू आला म्हणून मीही पाहतो. इथं राहून कोण जाते?”

•

जून महिना. रात्री सव्वानऊपर्यंत उजेड. सकाळी आठला घरी फोन लावला, तिकडे साडेबारा. आईचा पहिला प्रश्न, “तिकडं पानी आला का?” आला, म्हटलं, रोजच येतो. “मंग इकडं पाठव ना थोडा.” मृग लागला तरी धानाचे पऱ्हे टाकायचे खोळंबले होते. इथला पाऊस मात्र तिच्या कामाचा नाही. दिवसभर भुरभुर, आणि बांधीत बोटभर साचणार नाही.

•

पहिलं ठिकाण यादीत नव्हतंच, मी घातलं: 10, किंग हेन्रीज रोड. चॉक फार्म स्टेशनवरून चालत जाता येतं. 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहिले. हे घर महाराष्ट्र शासनाने 2015 साली विकत घेतलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात स्मारक म्हणून खुलं केलं. पुढे काही शेजाऱ्यांनी गर्दी-गोंगाटाची तक्रार केली, परवानगीचा वाद झाला, आणि 2020 मध्ये निकाल स्मारकाच्या बाजूने लागला. प्रवेश फुकट.

रस्ता श्रीमंतांचा आहे, फारच शांत. विद्यार्थी म्हणून राहिलेला माणूस इथे भाड्याने होता, पैशांची ओढाताण असताना. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाबद्दल लंडन विद्यापीठाने 1923 मध्ये त्यांना डी.एस्सी. दिली. त्यानंतर 33 वर्षांनी, नागपूरच्या दीक्षेनंतर दोन दिवसांनी, 16 ऑक्टोबर 1956 ला ते चांद्यात होते आणि तिथेही लोकांना दीक्षा दिली. मित्राचे आजोबा त्या दिवशी गर्दीत होते. घरात मित्र बोलला नाही. बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवरून घराचे फोटो काढत राहिला, एकाच कोनातून.

•

व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम. मराठी माणूस इथे वाघनखं शोधत येतो. ती 2024 च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीने साताऱ्याला गेली, नंतर नागपूरलाही आली. ग्रँट डफच्या घराण्याकडून आलेली ती नखं अफजलखानाच्या भेटीतलीच, हे म्युझियम स्वतः खात्रीने सांगत नाही. आपल्याकडे मात्र रांग लागली. त्यात मला गैर काही वाटत नाही. रांगेतला माणूस पुरावा तपासायला आलेला नसतो.

वाघ मात्र जागेवर आहे. टिपूचा. लाकडी, रंगवलेला, जवळजवळ खऱ्या मापाचा. खाली उताणा पडलेला गोरा माणूस, त्याच्या गळ्याशी वाघाचं तोंड. पोटात बाजाची पेटी. मूठ फिरवली की माणसाचा हात हलतो, तो कण्हतो आणि वाघ गुरगुरतो. 1799 मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने तो उचलून आणला. कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत तो ठेवला होता तेव्हा येणारेजाणारे हौसेने मूठ फिरवत. आता काचेत आहे.

काचेभोवती पोरं हसत होती. मला हसू आलं नाही, आणि त्यात मी शहाणा असण्याचा काही संबंध नाही. पोंभुर्णा, मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी इथला माणूस हे खेळणं वेगळं बघणारच. मोहफुलं वेचायला पहाटे वाकलेली बाई, मे महिन्यात तेंदूपानं तोडणारा माणूस: दर उन्हाळ्यात बातमी असते. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं जंगलखात्याचे लोकही सांगतात. टिपूच्या वाघाखाली साहेब आहे. आमच्याकडे खाली कधी साहेब नसतो.

शेजारच्या एका बाईंनी विचारलं, तुम्ही भारतातले, तर खरा वाघ पाहिलाय का? मित्र म्हणाला, याच्या शेतावर येतो. त्यांना तो विनोद वाटला.

•

रस्ता ओलांडला की नॅचरल हिस्ट्री म्युझियम. छताला निळ्या देवमाशाचा सांगाडा टांगलेला, 25 मीटरचा. लोक खालून माना वर करून फोटो घेतात. आम्हीही घेतला.

पण मला इथे स्टीफन हिस्लॉप आठवत होता. ज्याच्या नावाच्या कॉलेजात आम्ही शिकलो, तो. तिथे असताना त्याच्याबद्दल ‘कुणीतरी पाद्री’ याहून अधिक आम्हाला माहीत नव्हतं. हा स्कॉटिश मिशनरी 1845 मध्ये नागपुरात आला आणि धर्मप्रचाराच्या फिरतीत खडक फोडत हिंडला. वरोऱ्याजवळच्या मांगलीच्या लाल दगडात त्याला एक चपटी कवटी मिळाली. ती त्याने लंडनला पाठवली. ‘डायनोसॉर’ हे नाव ज्याने दिलं त्या रिचर्ड ओवेनने 1855 मध्ये तिचं वर्णन करून नाव ठेवलं, ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स. बेडकांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी, मगरीसारखा पाण्यात दबा धरणारा प्राणी. वय सुमारे 25 कोटी वर्षं. ही कवटी याच म्युझियमच्या संग्रहात आहे. संग्रहात आठ कोटी वस्तू, त्यातल्या बहुतेक कपाटांत, तेव्हा ‘आमच्या मांगलीची कवटी दाखवा’ म्हणायची सोय नाही.

हिस्लॉप 1863 च्या सप्टेंबरात टाकळघाटजवळ पुराच्या नाल्यात सापडून बुडाला. दगडांची जुनी वर्तुळं बघायला गेला होता. कॉलेज निघालं 1883 मध्ये. एवढं सगळं मित्राला देवमाशाखाली उभं राहून सांगितलं. तो म्हणाला, “आणि आपण त्याच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राला दांडी मारून पिक्चर पाहिले.”

•

वहिनींसाठी पिशवीत एचएमटी तांदूळ नेला होता. नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्या तुकड्यावर निवडून काढलेलं वाण. घड्याळाचं नाव धानाला लागलं आणि दूरवर पसरलं. दादाजींच्या पदरात फार थोडं पडलं. 2018 मध्ये गेले. वहिनी अमरावतीच्या, भाकरी-पोळीवाल्या. तरी म्हणाल्या, भात चांगला मोकळा झाला. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या धानाच्या मुलखातल्या, माणसाला एवढं प्रमाणपत्र पुरतं.

•

शनिवारी रात्री ‘द माऊसट्रॅप’. 1952 पासून चालू आहे, मध्ये कोविडनेच काय तो खंड पाडला. खुनी कोण ते बाहेर सांगायचं नाही असा दंडक, तो पाळतो. संध्याकाळी पडदा वर, दहाच्या आत सगळे रस्त्यावर. मित्र वैतागला. त्या वेळेला वडसा-नवरगावकडे नाटकाचा पडदा उघडतो. दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम होळीच्या आसपास संपेपर्यंत मंडपात रात्रभर बसायचं, मध्ये लावणी, मध्ये चहा, आणि उजाडताना खलनायक मरतो. पाऊण रात्र शिल्लक असताना लोकांना घरी कसं पाठवतात, हे त्याला इतक्या वर्षांत पटलेलं नाही.

•

म्युझियमं फुकट, भूक महाग. चहासुद्धा रुपयांत बदलून पिऊ नये.

•

रविवारी ग्रिनिच. थेम्सच्या पोटातून जाणारा 1902 चा पादचारी बोगदा आहे, पांढऱ्या फरशांचा, गार. मित्राची मुलगी आवाज घुमवत पुढे पळाली. बाहेर निघालं की समोर ‘कटी सार्क’. 1869 मधलं चहा वाहणारं जहाज, लोखंडी सांगाड्यावर लाकडी फळ्या: पाण्याखालच्या भागाला अमेरिकन एल्म, वर सागवान. 2007 मध्ये आग लागली, पण दुरुस्तीसाठी बऱ्याच फळ्या आधीच काढून नेलेल्या होत्या, म्हणून वाचल्या. 2012 मध्ये पुन्हा उघडलं.

गाईडने सांगितलं, भारतीय सागवान. आम्हा दोघांची मान ताठ झाली. खरं तर त्या काळी जहाजांचं सागवान मुख्यतः ब्रह्मदेशातून, मौलमेन बंदरातून यायचं. आमच्याकडच्या आलापल्लीच्या सागाचा दावा सांगण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडच्या माणसाला लाकूड कळतं. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारशाहून सागवान गेलं तेव्हा चंद्रपुरात मिरवणूक निघाली होती. मित्राने फळीवर बोटाने ठोकलं, कान लावला, रेषांवरून अंगठा फिरवला. आज बल्लारशाच्या लिलावात हिला काय भाव येईल, यावर आमचं भांडण जुंपलं ते स्टेशनपर्यंत. तो बराच जास्त सांगत होता. त्याचे मामा लाकूड ठेकेदार होते, आणि ते सारखे तोट्यात असत.