दोरीचें टोंक

गेल्या वर्षीं मे महिन्यांत आम्ही स्कॉटलंडमध्यें चिरंजीवांकडे गेलों होतों. पोंचतांच सूनबाईंकडून कळलें, कीं चिरंजीवांस गळ टाकण्याचा नाद लागला आहे! ज्या घरांत मासळी कधीं शिजली नाहीं, त्या घरचा हा मुलगा! आम्हांस अर्थातच राग आला. हा परकी नाद म्हणावा, तर तीही सोय नाहीं. कारण कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर यानें १२ व्या शतकांतील आपल्या 'मानसोल्लास' ग्रंथांत मत्स्यविनोद सविस्तर वर्णिला आहे.

"बाबा, एकदां नुसतें पाहावयास तर या," चिरंजीव म्हणाले. एका शनिवारीं सायंकाळीं आम्ही डोंगरांतल्या एका लहानशा तळ्यावर गेलों.

९ फुटांची लवचिक काठी, तिला जाडशी दोरी, दोरीपुढें नायलॉनचा पारदर्शक तंतु आणि त्याच्या टोंकास पिसें व धागे गुंडाळून केलेली खोटी माशी, एवढाच सरंजाम. पूर्वीं ही दोरी रेशमाची असे; ती तरंगावी म्हणून तीस स्निग्ध द्रव्य चोळावें लागे व मागाहून वाळवावी लागे. आतां तिच्या आवरणांत सूक्ष्म पोकळ गोलक असतात, त्यामुळें ती पाण्याहून हलकी होते. माशीला वजन असें नसतेंच. फेकावयाची ती दोरी, माशी तिच्या पाठोपाठ जाते.

नदींत ट्राउट मासा एका जागीं थांबतो व प्रवाह अन्न त्याच्यापुढें आणतो. तळ्यांत प्रवाह नाहीं. तेथें माशालाच हिंडावें लागतें. म्हणून पाण्यावर वलय दिसलें, कीं त्या वलयांत माशी टाकणें व्यर्थ. मासा कोणीकडे गेला असेल, याचा तर्क करून पुढें टाकावी. सायंकाळीं तळाच्या चिखलांतून चिलटांचे कोश वर चढतात. खोटी माशी तशीच पृष्ठभागाखालीं बोटभर लोंबूं द्यावयाची. मासा ती हळूच तोंडांत घेतो आणि खोटी वाटतांच टाकून देतो. हें कळण्याचें साधन एकच : तरंगत्या दोरीचें टोंक.

कांहीं बोलावयाचें नाहीं, असा निश्चय करून आम्ही धोंड्यावर बसून त्या टोंकाकडे पाहत होतों. पाऊण तास गेला. चिरंजीव जागचे हालले नाहींत. लहानपणीं हा मुलगा १० मिनिटें स्थिर बसत नसे, म्हणून आम्हीं त्यास किती छड्या मारल्या होत्या! इतक्यांत मावळतीचें ऊन पाण्यावर चमकलें व चिरंजीवांनीं डोळे बारीक केले. नेमकें तेव्हांच दोरीचें टोंक वीतभर सरकलें.

"ओढ!" आम्ही ओरडलों.

मासा तपकिरी, तांबड्या ठिपक्यांचा, वीतभर लांबीचा होता. चिरंजीवांनीं हात ओले करून गळ सोडविला, मासा पाण्यांत अलगद धरून ठेविला. शक्ति येतांच तो आपण होऊन निसटून गेला.

योगशास्त्रांत हिंसा तीन प्रकारची मानिली आहे : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि मनानें मान्य केलेली. तिसरीही घडूं नये अशा निश्चयानें आम्ही गेलों होतों. दुसरी करून बसलों! मासा सोडला म्हणून त्याची वेदना झालीच नाहीं, असें आम्हांस आजही वाटत नाहीं. चिरंजीवांस तसें स्पष्ट सांगितलें. ते म्हणाले, "बाबा, मलाही कधीं कधीं तसेंच वाटतें."

मग त्या छड्यांविषयीं बोलणें निघालें. इतक्या वर्षांत तें राहून गेलें होतें. घरीं पोंचेपर्यंत बोलून झालें.