हिऱ्याचा निसणा

वडिलांची पटाशी आमच्या हिऱ्याच्या निसण्यावर नुसती घसरू लागली, तेव्हा दोष आम्ही निसण्यासच दिला. त्यांच्या दगडी निसण्यास मध्ये खोलगा पडला की ते काचेवर पाणी व कुरुंदाची पूड घालून तो घासून सपाट करीत. तोच उपाय करावा म्हणून आम्हीही काच मांडली. परंतु सुदैवाने हात थांबला. या निसण्यात हिरा असतो तो केवळ पृष्ठभागी: पोलादी पट्टीवर निकेलच्या पातळ मुलाम्यात रोवलेल्या कणांचा एकच थर. तो घासून गेला की उरावयाची ती निव्वळ पट्टी! मग कोमट पाणी, साबण व जुना दातांचा ब्रश घेऊन आम्ही तो धुतला. काळे पाणी वाहिले. खोडरबराने उरलासुरला लोखंडाचा कीस उचलला, निसणा कोरडा केला, आणि पटाशी पूर्ववत धार घेऊ लागली. हिरा झिजला नव्हता. त्याची तोंडे आमच्याच लोखंडाने बुजली होती. वडिलांचा दगड झिजे, म्हणून त्याची निगा राखली जाई. हा झिजत नाही, एवढ्यावरून यास काहीच लागत नाही, असे आम्ही धरून चाललो होतो.