लकवा येण्याआधी

१८ ऑक्टोबर, धानोरा

बाजाराचा दिवस. आशाताईंसोबत झाडाखाली टेबल मांडून रक्तदाब मोजायला बसले. एका बाबांचा दाब १८०/११० निघाला. चालून आले असतील म्हणून पाच मिनिटं शांत बसवलं आणि पुन्हा मोजला. आकडा हलला नाही. गोळी कधी घेतली होती का, विचारलं.

"घेतली होती ना ताई. बरं वाटलं, मंग सोडली. मले काईच होत नाई. धान कापतो, बोजा उचलतो. गोळी कायले खाऊ?"

दाब वाढला तरी दुखत-खुपत नाही, त्यामुळे माणूस बेफिकीर राहतो. आत मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब होत जातात आणि एक दिवस एखादी तुंबते, नाहीतर फुटते. तोच लकवा. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, ती थांबवली की दाब परत चढतो, हे त्यांना दोनदा समजावलं. सुनेलाही बोलावून सांगितलं.

२१ ऑक्टोबर, गडचिरोली

'सर्च' संस्थेचा अभ्यास पुन्हा काढून वाचला. मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी या जिल्ह्यातल्या ८६ गावांमधले एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांतले मृत्यू तपासले. एकूण १,५९९ मृत्यू, त्यातले २२९ लकव्याने. मृत्यूच्या कारणांत लकवा पहिला. गडचिरोली म्हटलं की बाहेरच्यांना मलेरिया आठवतो, आणि गावातही डासांची जेवढी धास्ती आहे तेवढी दाबाची नाही. लकव्याने गेलेल्यांपैकी दहातले जवळपास नऊ जण घरीच गेले, हे वाचून फार वेळ पुढे जाता आलं नाही.

२३ ऑक्टोबर, मूलच्या वाटेवर

पानठेल्यावर पोरगा खर्रा घोटत होता. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घेऊन खसाखसा घासायचा, पुडी बांधायची. चंद्रपूर काय, गडचिरोली काय, बाया-माणसं सगळेच खातात. तोंडाचा कॅन्सर होतो हे लोकांना ऐकून माहीत आहे. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, दाब चढतो आणि लकव्याचा धोका वाढतो, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. जेवणात वरून घेतलेलं मीठ आणि रोजची दारू यांचंही तेच.

२६ ऑक्टोबर, भामरागड

लकवा आला की रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. इथून जिल्ह्याचं ठिकाण गाठण्यातच त्यातले बरेचसे तास जातात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की वाटच बंद. त्यातून घरचे आधी पुजाऱ्याकडे नेतात, मालिश करून पाहतात. मोठे दवाखाने, यंत्रं, डॉक्टर इथवर यायलाच हवेत आणि त्यासाठी भांडलंही पाहिजे. पण ते येईपर्यंत जीव वाचवायचा तो लकवा येण्याआधीच, गावातच वाचवावा लागेल.

२९ ऑक्टोबर, जागतिक पक्षाघात दिन

बचत गटाच्या बैठकीत बायांना तीन गोष्टी करून दाखवल्या. हसायला सांगा: तोंड वाकडं होतं का? दोन्ही हात वर करायला सांगा: एक खाली पडतो का? नाव-गाव विचारा: जीभ अडखळते का? यातलं एकही अचानक दिसलं तर लगेच १०८ ला फोन. माणूस शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ लक्षात ठेवायची. तोंडात पाणी, औषध काही घालायचं नाही. थोड्या वेळात आपोआप बरं वाटलं तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

मग एक मावशी म्हणाल्या, "पैशाची वही दर महिन्याले लिहतो, तशी दाबाची बी लिहू."

तिथल्या तिथे ठरलं. दर बैठकीला आशाताई मशीन आणतील, तिशीपुढच्या सगळ्यांचा दाब मोजतील. १४०/९० च्या वर गेलेल्यांना आरोग्य केंद्रात पाठवायचं आणि कुणाच्या गोळ्या संपत आल्यात ते विचारायचं. केंद्रात त्या फुकट मिळतात. वहीत पहिलं नाव त्या मावशींनी स्वतःचंच लिहवून घेतलं.