बंद किती, उघडं किती

परसात आठ-दहा कोंबड्या ठेवायचं घरात ठरलं की बोलणं जातीवरून सुरू होतं. गावठी घ्यावी, गिरीराज घ्यावी की वनराज? कडकनाथला भाव मिळतो, मग तीच का नको? खुराड्याचा विचार सगळ्यात शेवटी येतो आणि उरलेल्या फळ्या, जुना पत्रा, गोठ्यामागची मोकळी जागा एवढ्यावर संपतोही. कोकणात बचत गटातल्या बायकांना खुराडी उभी करून देण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझ्या मते आधी खुराडं ठरवावं, मग त्यात मावतील आणि मानवतील त्या कोंबड्या आणाव्यात.

दिवसा कोंबडी आपलं आपण बघते. उकिरडा उकरते, घार फिरताना दिसली की करवंदीच्या जाळीत शिरते, दुपारी राखेत लोळून अंग झाडते. अंधार पडला की मात्र तिला जवळपास दिसत नाही. दांडीवर बसली की उजाडेपर्यंत ती हलत नाही आणि शत्रू अंगावर आला तरी तिला पळता येत नाही. म्हणजे खुराडं हे तिचं रात्रीचं घर. या घराकडून तिला दोन गोष्टी हव्या असतात आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध असतात. मुंगूस, साप, रानमांजर यांना आत येता येऊ नये इतकं ते बंद हवं आणि आतली कोंदट हवा बाहेर जावी इतकं उघडं हवं. खुराड्याचा नमुना निवडणं म्हणजे आपल्या जागेपुरता हा तिढा सोडवणं.

आमच्याकडच्या जुन्या घरांनी तो बंदच्या बाजूने सोडवला होता. घराच्या जोत्यातच चिऱ्यांचा कोनाडा ठेवायचा, तोंडाला फळी लावायची, फळीला धोंडा टेकवायचा. चार-पाच गावठी कोंबड्या, त्यातल्या एक-दोन झाडावरच झोपणाऱ्या, एवढ्यांना ते पुरत होतं. पण त्याच कोनाड्यात अंगाने जड अशा दहा कोंबड्या कोंडल्या की गणित बिघडतं. एक कोंबडी दिवसाकाठी साधारण शंभर ग्रॅम विष्ठा टाकते आणि तिचा मोठा भाग रात्री दांडीखाली पडतो. ओल्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो आहे की नाही हे बघायला यंत्र लागत नाही. पहाटे खुराडं उघडल्या उघडल्या उकिडवं बसावं, तोंड दांडीच्या उंचीला न्यावं आणि श्वास घ्यावा. आपले डोळे चुरचुरले तर रात्रभर त्याच हवेत बसलेल्या कोंबडीचं काय झालं असेल ते वेगळं सांगावं लागत नाही.

उष्णतेचंही तसंच. कोंबडीच्या अंगाचं तापमान मुळातच 41 अंशांच्या आसपास असतं आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणं आणि पंख अंगापासून सुटे धरणं एवढाच तिच्याकडे उपाय. म्हणून मी वाऱ्याच्या बाजूने झुकते. लांबीच्या दोन्ही भिंती खालून दीड फूट भरीव, वर थेट छपरापर्यंत जाळी. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे ऊन थेट आत येत नाही. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून येते, म्हणून पश्चिमेची आखूड भिंत पूर्ण बंद. छपराचं पाखं तीन फूट पुढे काढलं की पागोळ्या भिंतीपासून लांब पडतात. झडीच्या दिवसांत गोणपाटाचा पडदा लावायचा तर तो खालून वर ओढायचा, म्हणजे वरची फूटभर जागा उघडी राहते आणि गरम, दमट हवा तिथून निघून जाते. वरून खाली सोडलेला पडदा नेमकी हीच वाट बुजवतो.

छपराला मंगलोरी कौलं मिळाली तर सोन्याहून पिवळं. कौलांच्या सांध्यांतून हवा जाते. पत्राच असेल तर एप्रिल-मे महिन्यांत वर झावळ्यांचा किंवा पेंढ्याचा जाड थर घालावा, नाहीतर पत्र्यावर चुना मारावा.

उघडं ठेवलं म्हणजे शत्रूची भीती आलीच. इथे काटकसर करू नये. दुकानात षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला अडवत नाही. कुत्रा ती दातांनी ओढतो, मुंगूस तिच्या सैल कडेखालून आत शिरतं. अर्ध्या इंचाची वेल्ड केलेली जाळी महाग पडते, तरी तीच घ्यावी आणि जमिनीवरच्या खुराड्याला ती फूटभर मातीत गाडावी. खुराडं खांबांवर असेल तर प्रत्येक खांबाला गुळगुळीत पत्र्याची पट्टी गुंडाळावी, माडाला उंदरांसाठी मारतात तशी.

आता आतली मापं. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीला रात्रीपुरती दोन चौरस फूट जागा पुरते. दहा कोंबड्यांना चार बाय पाच फुटांचं खुराडं झालं. दिवसाही कोंडून ठेवायच्या असतील तर आत दुप्पट जागा आणि बाहेर जाळीचं अंगण हवं. दांडीवर प्रत्येकीला आठ-नऊ इंच लागतात. गावठी कोंबडी उंच दांडीवर सहज झेपावते, पण गिरीराज-वनराजसारख्या जड कोंबड्या उतरताना पायांवर आदळतात, म्हणून त्यांची दांडी दीड-दोन फुटांच्या वर नेऊ नये. चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला फूटभर लांब-रुंद असा एक अंधारा खोका ठेवावा. तो दांडीपेक्षा खाली हवा. कोंबड्या झोपायला सगळ्यात उंच जागा धरतात. खोका वर असेल तर त्या खोक्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत पडतात. खुडूक कोंबडीची सोय वेगळी करावी. एकवीस दिवस निवांत बसायला तिला पडवीतलं डालगंच बरं.

खाली काय हवं, यावर नमुने वेगळे होतात. एक नमुना जमिनीवरचा: भाताच्या तुसाची चार-सहा इंच गादी, अधूनमधून हलवायची, वर्षाअखेर तेच कुजलेलं खत माडापोफळीला. कोरड्या मुलखात मी हाच सुचवीन. कोकणातल्या आषाढात मात्र गादी ओल धरते आणि ओल्या गादीत रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात; त्यात तलंगा आधी जातात. दुसरा नमुना खांबांवर उचललेला, पोफळीच्या रिपांच्या फटींतून विष्ठा खाली पडणारा. पावसाळी परसाला हा मानवतो. तिसरा चाकांचा, रोज नव्या गवतावर सरकवायचा. माळावर तो छान चालतो, पण चिखलात चाकं रुततात आणि खाचराच्या बांधावर त्याला वाटच नसते.

नमुना कुठलाही असो, तो पूर्ण उघडता आला पाहिजे. का, ते कळायला रात्री बॅटरी घेऊन पांढरा कागद दांडीच्या खालून, जिथे ती खाचेत बसते तिथे, दाबून ओढून बघा. कागदावर तांबड्या रेघा उमटल्या तर तिथल्या भेगेत रक्त पिऊन फुगलेले किडे आहेत. आम्ही त्यांना सरसकट पिसवाच म्हणतो. दिवसा ते भेगेत लपतात, रात्री बाहेर येऊन कोंबडीचं रक्त पितात. कोंबडी फिकी पडते, अंडी कमी होतात आणि कारण मात्र कुणालाच दिसत नाही. म्हणून दांडी खिळ्यांनी ठोकू नये, उचलून काढता येईल अशी खाचेत ठेवावी, उन्हात टाकावी, तिच्या टोकांवरून जाळ फिरवावा. एका बाजूची जाळी बिजागरीवर असावी. सांधे जितके कमी तितकं बरं.

परसातल्या कोंबड्या घरोघरी बायकाच सांभाळतात. अंड्यांचे पैसे बहुधा त्यांच्याच हातात राहतात आणि खुराडं झाडायचं कामही त्यांच्याकडेच येतं. झाडायला अवघड असलेलं खुराडं चार दिवस झाडलं जातं, मग राहून जातं, आणि न झाडलेल्या खुराड्यात वारा, दिशा, जाळी सगळं वाया जातं. म्हणून मिस्त्री माप घ्यायला आला की त्याला नुसती जागा दाखवू नका. रोज झाडणारीला तिथे उभी करा. न वाकता झाडू धरलेला तिचा हात जिथवर पोचतो ती खुराड्याची खोली, आणि खुराडं खांबांवर असेल तर तिच्या कमरेची उंची तीच त्याच्या तळाची उंची.