आईची डबी आणि मिलव्हिलची काच

आई या वेळी आली तेव्हा तिच्या बॅगेत सालाबादप्रमाणे मेतकूट, कुळथाचं पीठ आणि गोडा मसाला तर होताच. शिवाय रुमालात गुंडाळलेली दुधी काचेची एक डबी होती. कोल्ड क्रीमची. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला बाबांनी आणलेली. क्रीम महिन्याभरात संपलं, मग डबीत कुंकू आलं आणि ते चाळीसएक वर्षं राहिलं. बाबा गेल्यावर आईने डबी धुतली आणि सेफ्टी पिना ठेवायला घेतली. आज ती उघडून पाहिली तर आत कधी लाल काही होतं असं सांगूनही पटणार नाही. प्लॅस्टिकची असती तर तो रंग कधीच सुटला नसता.

आम्ही डबी उलटीपालटी करून बघू लागलो, तशी सौ. म्हणाली, "झालं यांचं ऑफिस सुरू!"

त्याला कारण आहे. इथे मास्टर्स करून आम्ही लागलो ते सौंदर्यप्रसाधनांच्या पॅकेजिंगमध्ये. ("म्हणजे खोकी बनवतोस?" इति मामा.) आमचं पहिलं मोठं काम म्हणजे एका क्रीमची काचेची बरणी काढून तिथे दुहेरी भिंतीची प्लॅस्टिकची बरणी आणणे. वजन घटलं, ट्रकभाडं घटलं, फुटणं थांबलं आणि आम्हाला बढती मिळाली. काचेची बरणी पुरवणारे लोक दक्षिण न्यू जर्सीतले. त्यांचा एक वयस्कर तंत्रज्ञ शेवटच्या मीटिंगला नमुन्यांची पेटी घेऊन आला होता. मुद्दाम हलकी करून आणलेली बरणी. आम्ही ती वजनकाट्यावर ठेवली, आकडा वाचला आणि नाही म्हणालो. त्याने सगळे नमुने पुन्हा एकेक करून कागदात गुंडाळले. घाई केली नाही. ही गोष्ट आम्ही घरी कधी सांगितली नव्हती.

तर ऑक्टोबरातल्या एका शनिवारी आई, सौ., कन्या आणि दशम्यांचा डबा घेऊन आम्ही एडिसनहून मिलव्हिलला निघालो. टर्नपाइक सोडून रूट ५५ ला लागलं की पाट्याच सांगू लागतात. आधी ग्लासबरो. नावातच काच, पण जगाला ठाऊक झालं ते १९६७ साली जॉन्सन आणि कोसिजिन तिथे भेटले म्हणून. मग व्हाइनलँड. सौ. ज्यात लिंबाचं लोणचं घालते त्या मेसन जारचा जॉन मेसन याच परिसरातला. आट्यांच्या झाकणाच्या बरणीचं पेटंट त्याने १८५८ साली घेतलं. हे ऐकून सौ.ने प्रथमच आमच्या धंद्याबद्दल थोडा आदर दाखवला.

काच इथेच का? पायाखाली वाळू, भोवती सरपणाला पाइनचं रान आणि माल न्यायला नद्या. कॅस्पर विस्टार नावाच्या फिलाडेल्फियातल्या पितळी बटणांच्या कारखानदाराने १७३९ मध्ये जर्मनीहून कारागीर आणून अलोवेजवळ भट्टी पेटवली. नुसती वाळू वितळवायची तर १७०० अंश सेल्सिअस लागतात. सोडा घातला की काम बरंच खाली भागतं आणि चुनखडी घातली की ती काच पाण्यात विरत नाही. वाळूत लोह असलं की हिरवट झाक येते. आईच्या डबीचा दुधी रंग मात्र मुद्दाम आणलेला असतो, बहुधा फ्लोरिनच्या क्षारांनी.

मिलव्हिलला १८८८ साली थिओडोर व्हीटन या औषधवाल्याने आपल्या बाटल्या आपणच कराव्यात म्हणून काचेचा कारखाना घेतला. औषधांच्या बाटल्यांवरून पुढे अत्तराच्या कुप्यांपर्यंत मजल गेली. गराज सेलमध्ये दिसणाऱ्या, मोटारीच्या नि प्राण्यांच्या आकाराच्या एव्हॉनच्या बाटल्या आठवतात? त्यांतल्या पुष्कळशा व्हीटनच्या. संग्रहालयाची कथा आणखी गमतीची. त्यांच्या नातवाने, फ्रँक व्हीटन यांनी, कॉर्निंगच्या संग्रहालयात पाहिलं तर दक्षिण जर्सीची काच तिथे मांडलेली! आपल्या गावची चीज न्यूयॉर्क राज्यात जाऊन बघायची? म्हणून त्यांनी मिलव्हिललाच व्हीटन व्हिलेज उभारलं. आता त्याला व्हीटनआर्ट्स म्हणतात.

तिथे १८८८ च्या कारखान्याची प्रतिकृती आहे आणि तिच्यात कारागीर खरोखर काच फुंकतात. नळीच्या टोकाला नारिंगी गोळा, सतत फिरवत ठेवायचा, थांबला की ओघळला. आई बाकावर पुढे सरकून बसली. "हात थांबत नाही बघ त्याचा," एवढंच म्हणाली. हाताने फुंकताना बाटलीचं तोंड सगळ्यात शेवटी होतं, म्हणून तोंडाला आमच्या धंद्यात अजून 'फिनिश' म्हणतात. यंत्रात तेच सगळ्यात आधी होतं, पण नाव राहिलं ते राहिलंच.

ते यंत्र मायकेल ओवेन्सचं, १९०३ चं. त्याने कारागिरांचं काम नेलं, तशी भट्टीवरची पोरंही सुटली. १९०९ मध्ये लुईस हाइनने शेजारच्या ब्रिजटनला घेतलेले फोटो पाहावेत. आमच्या कन्येहून लहान मुलं. तेव्हा जुनं ते सगळं सोनं असं म्हणवत नाही. पण सेलमचा मोठा कारखाना २०१४ साली बंद झाला, तिथे कुणाची सुटका झाली? आमच्या त्या आकड्याने काही जणांचं काम गेलं असेल का, हे आम्ही कधी विचारलं नाही.

संग्रहालयात माहिती सांगायला एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांचा जन्म बाटल्यांच्या कारखान्यात गेलेला. आईने पर्समधून डबी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, शिवणीवरून अंगठा फिरवला आणि कन्येला समजावलं: साच्यात गोळा पडतो, दट्ट्या दाबून तोंड घडवतो, मग दुसऱ्या साच्यात हवा भरून पोट फुगवायचं. रुंद तोंडाच्या बरण्या अशाच होतात. "चांगलं काम आहे," म्हणाले. मग आमच्याकडे वळून, तुम्ही काय करता? आम्ही "पॅकेजिंग" म्हणालो. काच? "आधी काच. मग प्लॅस्टिक." ते हसले. रागाने नव्हे, पण पुढे काही बोललेही नाहीत.

मग आईनेच विषय काढला, कन्या दुभाषी. आमचं आजोळ कराडजवळचं. तिथे ओगलेवाडीला ओगले बंधूंचा काचकारखाना, १९१६ चा. घरोघरी प्रभाकर कंदील असे, त्याची काच तिथली. त्याआधी तळेगावला पैसा फंडाचा कारखाना, १९०८ चा, लोकांनी एकेक पैसा देऊन उभारलेला. तो चालवणारे ईश्वरदास वार्ष्णेय जपान नि अमेरिकेत काच शिकून आले होते. "आता ओगल्यांचा चालू आहे?" गृहस्थांनी विचारलं. आई म्हणाली, "नाही हो. केव्हाच बंद पडला." त्यांनी मान हलवली. या दोघांना भाषेची फारशी अडचण पडली नाही.

परतताना गाडीत आम्ही त्या नमुन्यांच्या पेटीची गोष्ट सांगून टाकली. सौ. खिडकीबाहेर बघत राहिली. आई म्हणाली, "तुला तेव्हा काय दुसरं करता आलं असतं?" आम्ही म्हटलं, "निदान एक बरणी ठेवून घ्यायला हवी होती."

निघताना त्या गृहस्थांनी थट्टेने विचारलं होतं, ही डबी संग्रहालयाला देणार का? आईने कन्येकडून अर्थ समजून घेतला, झाकण घट्ट फिरवलं आणि डबी पर्समध्ये टाकली.

"सांग त्यांना, यात माझ्या पिना आहेत."