साधा भूतकाळ

इंग्रजीचा तास सुरू झाला असतां वर्गाबाहेर रेंगाळणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्यास आम्ही हांक मारितों. "आलों, सर!" असें उत्तर तत्काळ येतें, विद्यार्थी मात्र कांहीं वेळानें येतो. ह्या उत्तरांत कोणासही खोटेपणा वाटत नाहीं. जी क्रिया आतां लवकरच होणार, ती झालीच असें म्हणण्याची आपल्या मराठीची रीतच आहे. पण तोच विद्यार्थी इंग्रजींत 'आय केम' असें म्हणेल, तर इंग्रज मनुष्य त्यास खोलींत शोधूं लागेल. इंग्रजीचा साधा भूतकाळ असा उधारीवर मिळत नाहीं. जी गोष्ट घडून गेली आणि जिचा काळही सरला, तीच त्याच्या हवालीं करावी लागते.

गेलीं वीस वर्षें आम्ही हा काळ शिकवीत आहों, आणि दरवर्षीं त्याच तीन चुका आमच्या तांबड्या शाईची वाट पाहत असतात. पहिली चूक 'डिड यू वेन्ट' ही. भूतकाळाचें ओझें 'डिड'नें एकदां उचललें कीं मुख्य क्रियापद मोकळें झालें. म्हणून 'डिड यू गो' असें म्हणावें. एका ओझ्यास दोन हमाल कशास? दुसरी चूक 'हॅव'ची. "मला पुस्तक मिळालें आहे," येथें 'हॅव' शोभतें. पण वाक्यांत "काल" हा शब्द आला कीं त्यानें निमूटपणें निघून जावें. तिसरी चूक 'हॅड'ची, आणि हिचें मूळ आपल्या भाषेंतच आहे. "आम्ही काल पुण्यास गेलों होतों," ह्याचें विद्यार्थी 'वुई हॅड गॉन' असें शब्दशः भाषांतर करितात. इंग्रजींत येथें नुसतें 'वेन्ट' पुरतें. गत झालेल्या दोन गोष्टींपैकीं आधीची कोणती, हें दाखविण्याचें काम 'हॅड'चें. आम्ही स्टेशनावर पोहोंचलों तेव्हां गाडी सुटली होती, अशा प्रसंगीं त्यास बोलवावें.

भूतकाळाचीं रूपेंही मुलांस छळतात, हें आम्ही जाणतों. 'वेन्ट' हें मुळांत 'गो'चें रूपच नव्हे. 'वेन्ड' नांवाच्या निराळ्या क्रियापदाचें तें रूप 'गो'नें आपलेंसें केलें. १६११ सालच्या इंग्रजी बायबलांत 'स्पेक' असें रूप आढळतें. त्याच ठिकाणीं आज 'स्पोक' म्हणतात. अशीं रूपें तर्कानें सांपडत नाहींत, पाठच करावीं लागतात. परंतु इंग्रजी दुसऱ्या बाजूनें उदारही आहे. आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळें खाल्लें, असे मराठींत कर्माप्रमाणें फेर होतात. इंग्रजींत एक 'एट' सर्वांस पुरतें. तसेंच "तो गेला", "तो गेला होता", "तो जात असे" ह्या तिहींसही पुष्कळदां एकटें 'वेन्ट' चालतें. ह्या शेवटल्या गोष्टीचा विसर एकदां आम्हांसच पडला. ती हकीकत येथें सांगणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

आठवीच्या वर्गास 'माझे वडील' हा निबंध इंग्रजींत लिहावयास दिला होता. एका अबोल मुलानें लिहिलें होतें, त्याचा अर्थ असा: माझे वडील पहांटे पांच वाजतां उठत असत. ते सायकलवरून कारखान्यांत जात. दाढी करतांना ते गाणें म्हणत. सर्व क्रियापदें साध्या भूतकाळांत! रोजच्या संवयी साध्या वर्तमानकाळांत लिहाव्या, हा नियम आम्ही महिन्यापूर्वींच शिकविला होता. आम्ही अकरा क्रियापदें तांबड्या शाईनें बदललीं आणि समासांत लिहिलें, "दुरुस्त वाक्यें तीन वेळां लिही." दुसऱ्या दिवशीं मुलानें तीं मुकाट्यानें लिहून आणिलीं. अक्षर सुबक होतें, एकही चूक नव्हती. आम्ही सही केली.

पुढें पालकांच्या सभेस त्याची आई एकटीच आली. "ह्याचे वडील नाहीं आले?" असें आम्ही सहज विचारलें. "ते मागच्या पावसाळ्यांत वारले, सर," ती माउली म्हणाली.

त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत आम्ही मुलास जवळ बोलाविलें व म्हटलें, "बाळ, तुझीं वाक्यें बरोबर होतीं. चूक आमची. तूं तेव्हांच कां नाहीं सांगितलेंस?"

तो बराच वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, "सर, तीं वाक्यें लिहितांना बरें वाटलें."

आम्ही वही मागून घेतली. आपल्या अकरा खुणा खोडून समासांत "बरोबर" असें लिहिलें. त्यानें तीन वेळां लिहिलेलीं वाक्यें मात्र होतीं तशींच राहूं दिलीं.

विद्यार्थीमित्रांनो, क्रियापद लिहिण्यापूर्वीं स्वतःस एकच प्रश्न विचारा: त्या गोष्टीचा काळ सरला काय? सरला असेल तर साधा भूतकाळ निःशंकपणें लिहा, आणि शिक्षकानें तो भलत्याच ठिकाणीं खोडला तर उभें राहून तसें सांगा. आम्हांस राग येणार नाहीं. पालकांस आमची इतकीच विनंति कीं, घरांत कांहीं सुखदुःख घडल्यास तें वर्गशिक्षकास अवश्य कळवावें. मुलाच्या वहींतील वाक्य बरोबर कीं चूक, हें पुष्कळदां त्याचें घर ठाऊक असल्यावांचून ठरवितां येत नाहीं.