बसऱ्याचे काका

आमच्या घरी लोणच्याच्या बरणीवर कित्येक वर्षं एक जड, काळवंडलेली चकती होती. आजी म्हणायची, "बसऱ्याच्या काकांची आहे, टाकू नका रे." हे काका म्हणजे माझ्या पणजोबांचे धाकटे भाऊ. पलटणीत गेले, परत आले नाहीत. घरात एवढंच माहीत.

मागच्या गणपतीत ती चकती चिंचेनं घासली. वर एक बाई, सिंह आणि चौकटीत इंग्रजीत काकांचं नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी सरकार ही चकती पाठवायचं. कडेनं लिहिलंय, स्वातंत्र्य आणि सन्मानासाठी मरण आलं. कुणाचं स्वातंत्र्य? आपण तर तेव्हा गुलामच होतो.

आधी आमच्या आजच्या स्पेलिंगनं शोधत होतो, काही मिळेना. चकतीवरचं स्पेलिंग टाकलं आणि राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या साइटवर नोंद निघाली. १०३ मराठा पलटण, वडिलांचं नाव, आमचं गाव, जिल्हा रत्नागिरी. साल १९१६. स्मारक, बसरा.

मग वाचत गेलो. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून त्या इराकात कूत इथं तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या. धान्य संपलं, घोडे कापले. आपल्या अनेक शिपायांनी ते मांस कितीतरी दिवस शिवलं नाही. २९ एप्रिल १९१६ ला सगळे शरण गेले. पुढे कैदेत हजारो मेले. काकांची तारीख त्यानंतरची आहे.

बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. आपल्या साध्या शिपायांचा फक्त आकडा. २०२१ मध्ये आयोगानं या भेदभावाची माफी मागितली.

पण आपलं काय? आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. गावातून महायुद्धात किती गेले, किती मेले. तिथंही आकडाच! स्वातंत्र्यानंतर इतकी वर्षं झाली, आपण कुठं नावं लिहिली?

ग्रामसभेत विषय काढला. एक जण म्हणाला, "इंग्रजांचे नोकर ते, कशाला पाटी?" म्हटलं, दादा, पोटासाठी गेले होते, आणि आपल्याच गावचे होते. सरपंच म्हणाले, "नावं आणा, पाटी लावू."

पाटीवर मेलेले सहा आहेत. मला दोन सापडले. चार बाकी आहेत.

तुमच्याही माळ्यावर, देव्हाऱ्यात अशी चकती किंवा पदक असेल. घासून बघा. नाव असतं त्यावर.